टपाची रेघ

चारुदत्तचा फोन आला तेव्हा शिरीष बिल्डिंगच्या तळघरात मशीनमधले ओले कपडे बादलीत काढत होता. हॅम्बर्गहून फोन म्हणजे गाडीचा विषय, हे आता ठरूनच गेलं होतं. गेल्या वर्षापासून त्या माणसाकडे दुसरा विषय उरला नव्हता.

निरोप साधा होता. गाडीचा सांगाडा उभा राहिला होता आणि वर्कशॉपने त्याला झिट्सप्रोबसाठी, म्हणजे आत बसून सीटचं माप द्यायला बोलावलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात चारुदत्तच्या कंपनीच्या नव्या मालकांबरोबर बैठका होत्या. हॅम्बर्गहून जर्मनीच्या या टोकाला, शिरीषच्या बॉबलिंगेनला येऊन जाणं शक्य नव्हतं.

"तूच जाऊन बस ना," तो म्हणाला. "आपलं माप एकच आहे. एका कोटावर दोघांनी नोकऱ्या मिळवल्यात साल्या, विसरलास का?"

शिरीष विसरला नव्हता. पुण्याच्या होस्टेलवर दोघांत मिळून एक कोट आणि एक पँट होती. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी आधी शिरीष आत गेला. बाहेर आल्यावर बाथरूममध्ये कपड्यांची अदलाबदल झाली आणि तेच कपडे चढवून चारुदत्त आत गेला. भिंतीला पाठ लावून पेन्सिलने खुणा केल्या तेव्हा दोघांच्या उंचीत केसाचाही फरक नव्हता. हा किस्सा चारुदत्त प्रत्येक पार्टीत सांगायचा. त्यातला एक भाग तो सांगत नसे, कारण तो त्याच्या लक्षातच राहिला नव्हता. पँट त्याला लांब झाली होती. खालून दुमडून आतून टाचण्या लावाव्या लागल्या होत्या. कोट मात्र पाठीत आखूड पडला होता.

उंची एक, घडण वेगळी. चारुदत्तचे पाय आखूड आणि धड लांब. उभे असले की दोघे बरोबरीचे, बसले की चारुदत्त वर. इतर कुणाच्या हे ध्यानात आलं नसतं तर चाललं असतं. शिरीषचं पोटच त्यावर होतं. बॉबलिंगेनची त्याची फर्म मोठ्या कंपन्यांना गाडीच्या आतली आखणी करून द्यायची. माणूस बसल्यावर त्याचा खुबा कुठे येतो, तिथून डोळे किती वर, गुडघे किती पुढे, डोक्यावर किती जागा, एवढंच काम तो इतकी वर्षं करत आला होता. उभ्या माणसाच्या उंचीवरून बसलेल्या माणसाची उंची काढता येत नाही, हे तो नव्याने लागलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा.

"जातो," तो म्हणाला.

बादली घेऊन वर आल्यावर बायकोने, नीताने विचारलं, चारूच होता ना. तो हो म्हणाला.

"आता काय? स्टिअरिंगला कुठल्या गाईचं कातडं लावू ते विचारत होता?"

"ते मागच्या महिन्यात झालं," शिरीष म्हणाला आणि कपडे वाळत घालायला लागला.

हेवा काही एका दिवसात आला नव्हता. जर्मनीत आधी शिरीष आला होता. चारुदत्त आला तेव्हा पहिले काही महिने शिरीषच्या सोफ्यावर झोपला. त्याला आनमेल्डुंगला नेऊन पत्ता नोंदवून देण्यापासून पोळ्या लाटायला शिकवण्यापर्यंत सगळं शिरीषने केलं. सुट्टीच्या दिवशी दोघे श्टुटगार्टला जाऊन म्युझियममधल्या जुन्या गाड्या बघत बसायचे. त्यातही जी गाडी कुणा एका शौकिनाने एकदाच बनवून घेतलेली असे, तिच्यापुढून दोघांचे पाय निघत नसत. एक दिवस आपलीही असेल, असं दोघे म्हणायचे. 'आपली' या शब्दावर तेव्हा कुणीच अडखळलं नव्हतं.

मग चारुदत्त हॅम्बर्गला गेला आणि दोन जर्मन भागीदारांबरोबर बंदरातल्या कंटेनरांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायला लागला. ये म्हणून शिरीषलाही त्याने सांगितलं होतं. मुलगी, अन्वी, तेव्हा नुकती झाली होती, शिरीषची नोकरी पक्की झाली होती. त्याने नाही म्हटलं. पुढे ती कंपनी विकली गेली आणि चारुदत्तने एकाच माणसासाठी एकच गाडी बनवायला टाकली.

तो नुसता पैसेवाला असता तर शिरीषचं काम सोपं झालं असतं. गाडीतलं काही न कळणाऱ्या श्रीमंतांना हसण्याची सोय असते. पण चारुदत्तला कळत होतं. त्याने टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं जुनं इंजिन शोधून काढलं, हाताचे गिअर ठेवले, आत एकही स्क्रीन नको म्हणून बजावलं. बॉडी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, हाताने ठोकलेली. प्रत्येक निवड शिरीषने जी केली असती तीच. कितीतरी निवडी तर त्याला फोन करून, त्याच्याच तोंडून काढून घेतलेल्या. त्याने डोळे मिटून इतकी वर्षं जी गाडी पाहिली होती, ती दुसऱ्याच्या नावावर तयार होत होती आणि तो स्वतः कंपनीच्या लीजवरची करडी डिझेल स्टेशन वॅगन चालवत होता. स्कीइंगसाठी टपावर बसवलेली सामानाची पेटी मार्च संपला तरी तिथेच होती.

शिवाय शिरीषच दुभाषी होता. वर्कशॉप बॉबलिंगेनपासून जवळच्या एका खेड्यात, जुन्या डेअरीच्या आवारात होतं. मालकीण फ्राउ रेन्त्स साठीची, बापाकडून धंदा घेतलेली, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा आणि तोंडात अस्सल श्वेबिश बोली. ईमेलला ती चार-चार दिवस उत्तर देत नसे. चारुदत्तचं ऑफिसातलं आयुष्य इंग्रजीत गेलं होतं, घरातलं मराठीत, आणि जर्मन बेकरीत ब्रेड मागण्यापुरतं. फोनवर फ्राउ रेन्त्सचं एकही वाक्य त्याला कळत नसे. म्हणून त्याने तिला सांगून टाकलं होतं, की तिकडे शिरीष आहे, त्याच्याशी बोला, त्याचा शब्द तो माझा शब्द.

मापाच्या दिवशी फ्राउ रेन्त्सने शिरीषला बूट काढायला लावले आणि सांगाड्यात बसवलं. लाकडी चौकटीवर पत्रे ठोकून बसवले होते. टप अजून उघडाच होता. सीटच्या जागी प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात तिने दोन डब्यांतली रसायनं ओतली. "हलू नका," ती म्हणाली. पिशवी गरम होत फुगत गेली. पाठीच्या खोबणीत, मांड्यांखाली, बरगड्यांच्या बाजूने तो फोम शिरत गेला आणि घट्ट झाला. लोकांसाठी इतक्या सीटा आखूनही शिरीषला त्याच्या स्वतःच्या शरीराचा साचा कधी मिळाला नव्हता. पेडल त्याच्या पावलांशी आणलं गेलं, स्टिअरिंग त्याच्या मनगटांशी.

मग तिने एक लवचिक लाकडी पट्टी पुढच्या काचेच्या चौकटीपासून शेपटापर्यंत डोक्यावरून ताणून धरली. टप असा येणार होता. डोक्यावर चार बोटं जागा राहत होती. ती म्हणाली, दोन बोटं खाली घेतला तर रेघ अखंड जाईल, तुमच्या मित्राला आवडेल का. शिरीष उतरला. ती आणि तिचा कारागीर पट्टी धरून उभे राहिले आणि तो लांब जाऊन बाजूने बघायला लागला. पट्टी दोन बोटं खाली आली. काचेवरून उठलेली रेघ कुठेही न थबकता मागच्या चाकावर उतरली. शिरीष आणखी दोन पावलं मागे गेला.

"खाली घ्या," तो म्हणाला.

फ्राउ रेन्त्सने विचारलं, तुमचा मित्र बसल्यावर तुमच्याएवढाच ना?

"गेनाऊ," शिरीष म्हणाला. अगदी तसाच.

तरी तिने बजावलं, की पत्रा बंद करण्याआधी गिऱ्हाइकाने स्वतः एकदा बसायचं. तिच्या बापापासूनचा तो नियम होता. टप माणसावर बसवायचा असतो, फोनवर नाही.

घरी जाताना सिग्नलला थांबल्यावर त्याने चारुदत्तला फोटो पाठवला आणि लिहिलं, की टप दोन बोटं खाली घेतलाय, रेघ बघ. लगेच फोन आला.  चारुदत्त म्हणाला, "शिऱ्या, डोळ्यांत पाणी आलं रे." त्या क्षणी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण चारू नंतर बसणारच आहे, तेव्हा कळेलच, अशी शिरीषने मनाची समजूत घातली आणि हिरवा दिवा लागल्यावर गाडी काढली.

त्यानंतर तो वर्कशॉपकडे वरचेवर वळायला लागला. नीताला मीटिंग म्हणून सांगायचा. कारागीर त्याला मालक आल्यासारखं हात वर करून दाखवायचे. कुणी पाहत नसलं की तो फोमच्या साच्यात जाऊन बसायचा, डोळ्यांपुढे पुढच्या दोन चाकांवरचे पत्र्याचे उभार दिसायचे आणि मधून रस्ता जाणार होता ती जागा. चारुदत्तने रंग कळवला, गडद हिरवा. शिरीषला तो पटला नाही आणि त्याला इतका राग आला, की त्याने फ्राउ रेन्त्सला निरोप एक आठवडा उशिरा दिला. एकदा पियानोच्या क्लासहून येताना अन्वीला घेऊन तो तिथे थांबला. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच म्हणाली, की पण बाबा, ही तुझी नाहीये ना. तो म्हणाला, नाही. मग सगळे तुलाच का विचारतात, असं ती म्हणाली, आणि त्यावर त्याने तिला सीट बेल्ट लावायला सांगितलं.

जूनमध्ये चारुदत्त एका शनिवारी आला. श्टुटगार्टला उतरल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं. वर्कशॉपच्या दारातच तो गप्प झाला. टपाचा पत्रा ठोकून तयार होता आणि क्लॅम्प लावून जागेवर टेकवलेला होता. वेल्डिंग व्हायचं होतं. चारुदत्त लांबून, जवळून, उकिडवा बसून बघत राहिला. त्याने तळहात टपावरून शेवटपर्यंत फिरवत नेला. शिरीषने नजर वळवली. त्याच रेघेवरून त्याचाही हात किती वेळा फिरला होता आणि आता तो आपला हात दुसऱ्याच्या बायकोच्या अंगावरून फिरल्यासारखा त्याला वाटला.

फ्राउ रेन्त्स आतून आली, हात पुसत भराभर बोलली. बरं झालं आले. पुढच्या आठवड्यात टप वेल्ड करतोय. आत्ता बसू दे त्यांना, क्लॅम्प काढायला मला दहा मिनिटं लागतील.

त्याच वेळी चारुदत्त मराठीत म्हणाला, "बसून बघू का रे? विचार ना तिला."

दोन वाक्यं शिरीषच्या दोन कानांत एकदम पडली आणि दोन्हीचा अर्थ एकच होता. त्याला दोघांना फक्त हो म्हणायचं होतं. त्याने टपाकडे पाहिलं. चारू बसला की टप वर जाणार. रेघ मोडणार. आणि ती मोडली नाही तर काय होणार, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं. कुणी कधी मोठ्याने म्हणणार नाही, पण ही गाडी जगात एकाच माणसाला बसेल.

"आत्ता नाही बसता येणार," तो चारुदत्तला म्हणाला. "क्लॅम्प लागलेत. पुढच्या आठवड्यात वेल्डिंग आहे, म्हणाली."

फ्राउ रेन्त्सकडे वळून तो जर्मनमध्ये म्हणाला, की मित्राला गाडी पूर्ण झाल्याशिवाय बसायचं नाहीये, त्याची तशी इच्छा आहे.

तिने भुवया वर केल्या. "आणि माप?"

"माझं तेच त्याचं. तोच म्हणतो."

चारुदत्तने विचारलं, काय म्हणतेय. शिरीषने सांगितलं, मापाचं विचारत होती. चारुदत्त हसला, फ्राउ रेन्त्सकडे बघून त्याने अंगठा वर केला आणि शिरीषच्या खांद्यावर हात टाकला. ती दोघांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग खांदे उडवून आत गेली.

त्या रात्री चारुदत्त त्यांच्याकडे जेवला. नीताने आमरस केला होता, डब्यातल्या पल्पचा. चारुदत्त तिला म्हणाला, की शिऱ्या नसता तर ही गाडी झाली नसती. नीता म्हणाली, अरे तो तर तिकडेच राहायला जायचा बाकी आहे. शिरीषने आणखी एक पोळी घेतली. त्याला भूक नव्हती.

ऑक्टोबरमध्ये गाडी तयार झाली. तपासणी होऊन तिला नंबर मिळाला. चारुदत्त एकच बॅग घेऊन आला होता, कारण गाडीत एकच बॅग मावत होती, आणि त्याने गाडी चालवायला पातळ तळाचे नवे बूट घेतले होते. इथून थेट हॅम्बर्गपर्यंत तो चालवत जाणार होता. नीताही आली होती, ओवाळायचं ताट घेऊन. फ्राउ रेन्त्सला ते बघून मजा वाटली आणि हळदकुंकू रंगावर नको, काचेवर चालेल, असं तिने सांगितलं.

हिरवा रंग शोभत होता. हे कबूल करायला शिरीषला जड गेलं. शरदातल्या तिरप्या उन्हात टपाची रेघ पाण्याच्या धारेसारखी मागे गेली होती. ओवाळून झालं आणि चारुदत्तने दार उघडून पाय आत टाकला, अंग आत सरकवलं आणि त्याचं डोकं टपाला लागलं.

आधी तो हसला. "सीट खाली कर ना थोडी," तो म्हणाला. सीट खाली होणार नव्हती. ती थेट तळाला चिकटवलेली होती, गाडी बुटकी राहावी म्हणून. तो पुढे सरकून बघायला लागला, तेव्हा गुडघे स्टिअरिंगला लागले. मागे रेलला, तर मान पुढे वाकवावी लागली आणि हनुवटी छातीला टेकली. त्याने दार लावून घेतलं, बहुधा दार लावल्यावर फरक पडेल अशा आशेने. काचेतून त्याचं डोकं एका बाजूला कललेलं दिसत होतं. नीताच्या हातातलं निरांजन वाऱ्याने विझलं.

तो बाहेर आला. कपाळाच्या वर, केसांच्या सुरुवातीला लाल झालं होतं. "तू बस बरं," तो शिरीषला म्हणाला.

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. शिरीष बसला. पाठ खोबणीत जाऊन बसली, पावलं पेडलवर आपोआप आली. डोक्यावर दोन बोटं जागा राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो पूर्ण झालेल्या गाडीत बसला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. आपण किती नीट बसलो आहोत हे त्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

फ्राउ रेन्त्स चारुदत्तजवळ गेली. तिने श्वेबिश सोडून, शाळेतल्या मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत शुद्ध जर्मन बोलायला सुरुवात केली. बोट सीटकडे केलं, मग टपाकडे, मग दहा बोटं वर केली. उन्हाळ्यात. तुम्ही बसा, म्हटलं होतं मी. क्लॅम्प, दहा मिनिटं. मग तिने शिरीषकडे बोट केलं. हे म्हणाले, तुम्हाला बसायचं नाही.

चारुदत्तला सगळे शब्द कळले.

"तू मला म्हणालास, बसता येणार नाही," तो म्हणाला.

शिरीष गाडीतून उतरला.

"माहीत होतं तुला? मी मावणार नाही हे?"

"हो."

"कधीपासून?"

"तू फोन केलास तेव्हापासून."

चारुदत्तने मान डोलावली, जणू एखाद्या बैठकीत कुणी वाईट आकडा सांगितला होता आणि त्याला तो अपेक्षित होता. नीता ताट घेऊन वॅगनकडे गेली आणि आत जाऊन बसली. तिने दार आपटलं नाही, सावकाश लावलं.

फ्राउ रेन्त्स कामाचं बोलायला लागली. तिच्या मते दोन मार्ग होते. एक, गाडी अशीच ठेवून अंगाला बसेल अशा माणसाला विकायची. हे बोलताना तिने शिरीषकडे बघणं कटाक्षाने टाळलं. दुसरा, टप कापून वर घ्यायचा. पण मग रेघ राहणार नाही, डोक्यावर उंचवटा येईल, तपासणीही पुन्हा करावी लागेल. हे सगळं तिने चारुदत्तला पुन्हा हातांनी करून दाखवलं, कापायचं आणि कुबड यायचं.

"कापू नकोस," शिरीष म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. "चारू, ऐक. सीटचा फोम खरवडून काढू. दोन बोटं मिळतात. स्टिअरिंग वर घेऊ, पेडल मागे आणू. मग मान फक्त थोडी..."

"थोडी काय?"

शिरीषची मान आपोआप किंचित वाकली.

"वाकवायची? हॅम्बर्गपर्यंत?"

"ती रेघ पुन्हा होणार नाही चारू. कापलीस तर गेली. तू बघ तरी एकदा बाजूने."

"शिऱ्या," चारुदत्त म्हणाला, "गाडी कुणाची आहे?"

आवाज चढलेला नव्हता. होस्टेलवर कुणाचा टॉवेल कुणी घेतला हे विचारावं तसा होता. शिरीषची नजर टपावरच होती. चारुदत्त फ्राउ रेन्त्सकडे वळला आणि आडव्या हाताने हवेत एक रेघ मारून तिला म्हणाला, "श्नायडन." कापा. मग शिरीषला म्हणाला, "आणि तूच मोज. तुझं काम आहे ना ते? मग नीट कर."

वर्कशॉपमध्ये एक सपाट बाकडं होतं. ते भिंतीला लावलं. चारुदत्त नवे बूट काढून त्यावर बसला, पाठ भिंतीला, खुबे मागे, नजर समोर. असं कसं बसायचं हे शिरीषने आयुष्यात अनेकांना सांगितलं होतं आणि आता त्याला सांगावं लागलं नाही. शिरीषने काटकोनी गुण्या घेऊन चारुदत्तच्या डोक्यावर टेकवला आणि भिंतीवर खूण केली. केस विरळ झाले होते. जिथे आपटलं होतं तो लाल डाग बोटाखाली आला. चारुदत्तने डोळे मिटले होते.

मग त्याच्या शेजारी बसून, भिंतीला पाठ लावून शिरीषने स्वतःची खूण करून घेतली. दोन खुणांमध्ये पाच सेंटिमीटरचं अंतर होतं. त्याने खोटंच, एकूण तीन असं सांगितलं असतं, तर टप तेवढाच वर गेला असता. तीनमध्ये उंचवटा जवळजवळ दिसला नसता. चारुदत्तचे केस कायम घासले असते, खड्ड्यात डोकं लागलं असतं, पण त्याला वाटलं असतं की जुन्या धाटणीची गाडी, बुटकी गाडी, असंच असणार. खूण शिरीषच्याच हाताखाली होती. फ्राउ रेन्त्स खडू घेऊन टपाशी उभी होती आणि चारुदत्तचे डोळे अजून मिटलेले होते.

शिरीषने पुन्हा एकदा फूटपट्टी लावली. बघण्यासारखं काही नव्हतं, आकडा त्याला दिसला होता.

"पाच," तो जर्मनमध्ये म्हणाला. "आणि वर तीन, मोकळ्या जागेसाठी. एकूण आठ. सीटला हात लावू नका."

फ्राउ रेन्त्सने मान हलवली. तिने टपावर कापायची रेघ निळ्या खडूने ओढली आणि मग हवेतच हात गोल फिरवून नवा टप कुठून जाईल ते दाखवलं. चारुदत्तने डोळे उघडून ते बघितलं.

"कशी दिसेल?" त्याने विचारलं.

"वाईट," शिरीष म्हणाला.

"बरं."

बूट घालताना चारुदत्तने लेस दोनदा बांधली. शिरीषने विचारलं, कापताना मी येऊ का, म्हणजे जोडणी बघायला. चारुदत्त म्हणाला, नको. तो पुढे म्हणाला, की यापुढे तो स्वतः येईल, फ्राउ रेन्त्स सावकाश बोलली तर त्याला कळतं आहे. हेही त्याने साध्या आवाजात सांगितलं. शिरीषने गुण्या बाकड्यावर ठेवला, तो घसरला म्हणून पुन्हा नीट ठेवला आणि निघाला.

आवारात वॅगनमध्ये नीता समोर बघत बसली होती. शिरीष दाराशी गेला आणि वळून थांबला. शटर अर्धं उघडं होतं. आत चारुदत्त टपावर हात ठेवून फ्राउ रेन्त्सला काहीतरी सांगत होता, मोडक्या जर्मनमध्ये, दोन्ही हातांनी. उंचवटाच दाखवत होता बहुतेक, कारण हात सारखे वर जात होते. ती काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग त्याला कळलं आणि दोघंही हसली. चारुदत्तने खडू तिच्या हातातून घेतला आणि टपावर त्याच्याच हाताने एक रेघ काढली, वेडीवाकडी. शिरीषने लांबून पाहिलं, रेघ चुकीची होती, मागच्या बाजूला खोलगट होत होती, पाणी साचलं असतं. हे सांगायला त्याने एक पाऊल पुढे टाकलंही. फ्राउ रेन्त्सने तीच चूक दाखवली, चारुदत्तने बाहीने रेघ पुसली आणि पुन्हा काढली.

नीताने काच खाली केली. "चल," ती म्हणाली.

तो हो म्हणाला आणि चारुदत्तची तिसरी रेघ पुरी होईपर्यंत तिथेच उभा राहिला.